टिपणकाकूंचा चौकोन

या, जरा पुढे सरकून बसा. मागे भिंतीला टेकलेल्यांच्या कानापर्यंत कथा पोचते, पण काळजापर्यंत जाताना तिला धाप लागते. आज राजाची गोष्ट नाही, राक्षसाचीही नाही. आज एका चौकोनाची गोष्ट ऐकायची आहे. संगणकावर फॉर्म भरताना अगदी तळाशी 'शेरा' असं लिहिलेला एक रिकामा चौकोन असतो ना? आपण त्याच्याकडे बघतही नाही, सरळ खालचं बटण दाबून मोकळे होतो. तोच तो. त्या चौकोनात एकदा एका बाळंतिणीचा जीव अडकला होता. ऐका, कसा ते.

एक रक्तपेढी होती. खालच्या मजल्यावर पाय लांब करून बसता येईल अशा सहा खुर्च्या आणि त्यांच्या शेजारी बिस्किटांचा डबा. वर प्रयोगशाळा. तिच्या बाजूला, जिथे पूर्वी झाडू आणि बादल्या ठेवत त्या खोलीत, फॉर्मवाली बसायची. आईवडिलांनी तिला चांगलं नाव ठेवलं होतं, पण पेढीत ते कुणाच्या तोंडी नव्हतं. दात्याचं पान उघडेना, फोनच्या रकान्यात आकडा मावेना, जन्मतारीख टाकली की पडदा पांढराफटक पडे. हाक एकच, "फॉर्मवाली!" ती धडधड जिना उतरून येई आणि विचारी, "कुणी काय केलं?" "कुणीच काही नाही केलं," हे ठरलेलं उत्तर ऐके, आणि दोन मिनिटांत दुरुस्त करून वर जाई.

कामात चोख. खोड म्हणाल तर एकच, तिला पसारा खपत नसे. एका यादीत एकच गोष्ट दोन नावांनी दिसली, की तिच्या दाताखाली खडा येई.

आणि पेढीत पसारा घालणारी एक बाई होती. तिचं नाव टिपणकाकू. दात्यांची नोंदणी तीस वर्षं काकूंच्या हाती होती. आधी वह्या होत्या, मग संगणक आला. संगणक आला तरी काकूंचा हात वहीचाच राहिला. फॉर्ममधलं सगळं निवडून झालं, की त्या खालच्या शेऱ्याच्या चौकोनात काहीबाही लिहीत बसत. फॉर्मवालीने एकदा मागून डोकावून पाहिलं. लिहिलं होतं, 'सकाळी फोन करू नये, खेकसतो. दुपारी लोण्यासारखा.'

"काकू, ही रक्तपेढी आहे की सोयरिकी जुळवायचं दुकान?"

"तुला नाही कळायचं," काकू चष्मा वर सारत म्हणाल्या. "माणूस त्या ड्रॉपडाउनमध्ये मावतो थोडाच?"

निवृत्त होताना काकूंनी तिचा हात धरून एकच मागणं केलं. "तुझ्या याद्या तू कशाही कर गं. खालचा चौकोन तेवढा राहू दे." फॉर्मवालीने मान डोलावली. मान डोलावणं आणि मनावर घेणं यात जमीन-अस्मानाचं अंतर असतं, हे काय तुम्हाला सांगायला हवं? वर्षभर तिने कळ काढली, आणि मग एका दुपारी साफसफाईला लागली.

आता नीट लक्ष द्या, कारण गाठ इथेच पडली आहे.

फॉर्ममध्ये 'विशेष प्रकार' नावाचा एक ड्रॉपडाउन, म्हणजे टिचकी मारली की खाली उघडणारी यादी, होता. रक्ताचे नेहमीचे गट आपल्याला ठाऊक असतात, पण गट जुळला तरी आत आणखी बारीक खुणा असतात. हजारो माणसांत एखाद्याच्याच रक्तात एक खूण नसते. अशा माणसाला दुसऱ्या कुणाचं रक्त चालत नाही, त्याच्यासारख्याच दुर्मिळ माणसाचं लागतं. म्हणून यादीत सगळ्यात वर 'साधारण' असं होतं आणि त्याखाली तीन नावं, 'दुर्मिळ, हाताने तपासलेले', 'दुर्मिळ, यंत्राने तपासलेले' आणि 'दुर्मिळ, दोन्हींनी'. प्रकार एकच, नावं तीन. फॉर्मवालीच्या दाताखाली खडा आला. तिने 'दुर्मिळ' असं एकच नवं नाव घातलं आणि तिन्ही जुनी नावं यादीतून काढून टाकली. जुन्या दात्यांच्या नोंदी नव्या नावाखाली न्यायचं काम राहिलं होतं, तेवढ्यात खालून हाक आली, "फॉर्मवाली! प्रिंटर कागद खातोय!" उद्या करू म्हणून ती खाली पळाली. आणि उद्या कसा असतो, बघा. तो रोज येतो, पण आपण ज्याला म्हटलेलं असतं तो काही येत नाही.

जाता जाता तिने एक केलं होतं. शेऱ्याचा चौकोनही पडद्यावरून नाहीसा केला होता. फक्त पडद्यावरून. आतल्या डेटाबेसमधून तो रकाना पुसून टाकायचा कंटाळा आला, इतकंच. कंटाळा म्हणा नाहीतर कृपा म्हणा. वरचा जेव्हा आपल्याला सांभाळतो, तेव्हा तो काही दर वेळी आपल्या सद्गुणांवर अवलंबून राहत नाही.

याला सहा आठवडे झाले, आणि एका सोमवारी दुपारी एक बसचालक पेढीत आला. अंगात खाकी गणवेश, एका हातात जेवणाचा डबा आणि दुसऱ्या हातात इस्पितळाची चिठ्ठी. बायको पोटुशी होती. गुरुवारी सकाळी तिचं ऑपरेशन करून बाळ काढायचं ठरलं होतं, आणि रक्त जाण्याचा धोका होता. चिठ्ठीत लिहिलं होतं, दुर्मिळ प्रकार, दोन पिशव्या तयार हव्यात.

पेढीच्या डॉक्टरना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि धीर दिला. "काळजी करू नका. अशी माणसं कमी असतात, पण आमच्याकडे त्यांची यादी आहे. बसा तिथे."

वर येऊन त्यांनी फॉर्मवालीला सांगितलं, "दुर्मिळवाल्यांची यादी काढ गं."

तिने 'दुर्मिळ' या नव्या नावाने शोध घातला. पडद्यावर उत्तर आलं, शून्य.

"शून्य?" मोठ्या बाई पुढे वाकल्या. "अगं, तीस-पस्तीस तरी आहेत. तो गलमिशावाला सुतार बघ, त्याची पिशवी मी स्वतः तपासली आहे."

सुताराचं पान उघडलं. विशेष प्रकार : साधारण.

फॉर्मवालीने खुर्ची पुढे ओढली. हा कसा साधारण झाला? एवढ्यात कुणाचाच हात न लागलेलं एखादं पान मिळतं का म्हणून तिने शोधलं, एक मिळालं. आत डेटाबेसमध्ये पाहिलं, तर त्या दात्याच्या नोंदीत जुन्या नावाचा क्रमांक शाबूत होता. तेच पान दुरुस्तीसाठी उघडलं, तर ड्रॉपडाउन 'साधारण' दाखवत होता. तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि असा उजेड वैऱ्यावरही पडू नये.

नोंदीत जुन्या नावाचा क्रमांक होता, पण ते नाव यादीतच उरलं नव्हतं. ड्रॉपडाउन बिचारा गोंधळला. नाव सापडत नाही म्हणून ओरडावं, तर तसं त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. मग तो गुपचूप यादीतलं सगळ्यात वरचं नाव दाखवून मोकळा होई. दाखवण्यापर्यंत ठीक होतं. पण याच सहा आठवड्यांत नोंदणीतली मंडळी एकेका दात्याला फोन करून नवे नंबर घेत होती. पान उघडायचं, नंबर बदलायचा, 'सेव्ह' दाबायचं. नंबराबरोबर ते खोटं 'साधारण'ही सेव्ह व्हायचं आणि खरा क्रमांक कायमचा पुसला जायचा. कुणी काय केलं? कुणीच काही नाही केलं.

"जुनी प्रत?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"बॅकअप पंधरा दिवसांचाच असतो बाई. नंबर बदलायचं काम त्याआधीच उरकलं होतं."

"कागदाच्या वह्या?"

"तळघरात पाणी शिरलं तेव्हा लगदा झाला त्यांचा."

फॉर्मवाली उठून उभी राहिली. "बाई, हे माझं काम आहे. मी जुनी नावं काढली, आणि नोंदी हलवायच्या राहिल्या. दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवायला जागा नाही."

मोठ्या बाईंनी फोन पुढे ओढला. "रडायचं असेल तर गुरुवारनंतर रड. मी बाहेरच्या पेढ्यांना फोन लावते. तू माणसं शोध."

तिने आधी तिन्ही जुनी नावं यादीत परत घातली. हात न लागलेली चार पानं लगेच दुर्मिळ दिसू लागली. चार! पण नशीब बघा. त्यातला एक देवाघरी गेलेला, एक समुद्रापार राहायला गेलेला, एकाचं रक्त द्यायचं वय उलटलेलं, आणि चौथी अंगावर पाजणारी आई.

तिकडून मोठ्या बाई आल्या. बाहेरगावच्या एका पेढीत एक पिशवी होती, ती शुक्रवारी पोचली असती. शुक्रवारचा काय उपयोग?

खाली बसचालक डबा न उघडता बसून होता. फॉर्मवाली पाण्याला म्हणून उतरली आणि त्याच्यासमोरून जाताना तिची मान आपसूक खाली गेली.

आता उरलं एकच काम. सहा आठवड्यांत बदललेली सगळी पानं बाहेर काढायची. ती निघाली दोन हजार नऊशे. त्यांत दुर्मिळ कोण? सगळ्यांच्या कपाळावर 'साधारण' असाच शिक्का. दोन हजार नऊशे माणसांना बोलावून तीन दिवसांत तपासणार कोण? तिने सगळा तक्ता रकान्या-रकान्यानिशी पडद्यावर आणला. उजवीकडे सरकत सरकत अगदी टोकाला गेली आणि थबकली. तिथे तो रकाना होता. तिनेच लपवलेला शेरा.

बहुतेक जागी तो रिकामाच होता. पण मध्येच एखाद्या ओळीत काकूंचा आवाज ऐकू येई.

'सुईला घाबरते. शिवणकाम करते तरी! हात धरायला कुणी हवे.'

'आधी सासूला नमस्कार सांगावा. सासू हो म्हणाली की ही येतेच.'

'फार हुशार समजतो स्वतःला. समजू द्यावे.'

फॉर्मवालीला अशा संकटातही हसू आलं. तिने रकान्यात 'दुर्मिळ' हा शब्द शोधला. एकदाही नाही. काकूंनी रक्ताबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. ती निराश होऊन मागे टेकली. आणि मग तिच्या मनात एक बारीकशी शंका आली. ज्या चार पानांवर दुर्मिळ हे नक्की ठाऊक होतं, ती चार तिने पुन्हा उघडली. चारही जणांना शेरा होता. मग साध्या दात्यांची शंभर पानं चाळली. शंभरांत एकालाही नव्हता. बदललेल्या दोन हजार नऊशे पानांत शेरा असलेली किती? तिने मोजली. एकतीस.

मंगळवारी सकाळी पेढी उघडायच्याही आधी ती काकूंच्या दारात होती. तिसरा मजला, गॅलरीत कुंड्या, आणि प्रत्येक कुंडीत काडीला चिकटवलेली चिठ्ठी. 'याला पाणी कमी, कौतुक जास्त.' 'रुसलेला आहे, जागा बदलू नये.' स्वयंपाकघरातल्या बरण्यांवरही तेच. साखरेच्या बरणीवर लिहिलं होतं, 'झाकण वाकडं बसतं, मुंग्यांना माहीत आहे.'

"अगंबाई, तू!" काकूंनी दार उघडलं. "संगणक बंद पडला की काय जगातला?"

"काकू, मी तुमचा चौकोन लपवला होता," फॉर्मवाली उंबऱ्यातूनच म्हणाली. वाटभर तिने काय काय जुळवून ठेवलं होतं, ते सगळं तिथेच विसरली. "पण ते नंतर. आधी एवढंच सांगा. तुम्ही शेरा कुणाकुणाला लिहायचात?"

"कुणाकुणाला म्हणजे? दुर्मिळवाल्यांना."

"फक्त त्यांनाच?"

"मग काय सगळ्यांना लिहीत बसू? साधी माणसं काय, आपली आपण रांगेत येतात, बिस्कीट खातात, जातात. ह्यांना अडल्या वेळी शोधून, मनधरणी करून आणायचं असतं. ज्याला मध्येच कामावरून उठवून बोलवायचं, त्याचा स्वभाव नको माहीत असायला?" काकू बोलता बोलता थांबल्या. "का गं? किती सापडले तुला?"

"एकतीस. आणि चार आधीचे."

काकूंनी बोटांवरही मोजलं नाही. "पस्तीस. बरोबर. पस्तीसच आहेत माझी लेकरं."

फॉर्मवाली मटकन खाली बसली आणि ओंजळीत तोंड झाकून रडली. मोठ्या बाईंनी गुरुवारनंतर रडायला सांगितलं होतं, पण सगळ्याच आज्ञा कुठे पाळता येतात! काकूंनी तिला रडू दिलं. मग पाण्याचा पेला हातात दिला आणि चप्पल शोधू लागल्या. "ऊठ. फोन मी करते. तुझ्या आवाजाने कुणी येणार नाही, घाबरून पळतील."

मंडळी, तो मंगळवार पेढीतल्या लोकांच्या अजून तोंडी आहे. काकू आपल्या जुन्या खुर्चीत बसल्या. शेजारी फॉर्मवाली एकेक शेरा वाचून दाखवी आणि काकू नंबर फिरवत. जे वाचलं त्याप्रमाणे आवाज बदले. खेकसणाऱ्याला दुपारवर ठेवला. हुशाराला म्हणाल्या, "तुमच्याएवढं कळणारं कोण आहे म्हणून तुम्हालाच विचारते." कुणी गाव सोडलेलं, कुणाला ताप, कुणी नुकतंच दुसरीकडे रक्त दिलेलं. हुशाराला सगळं पटलं, पण तो सुट्टीवर डोंगरात होता. गलमिशावाल्या सुताराच्या हाताला टाके पडले होते, तो फोनवर कळवळून म्हणाला, "काकू, उजव्याला टाके आहेत, डाव्यातून घ्या की!" गोळ्या चालू आहेत म्हणून त्याला कसंबसं थांबवलं.

सुईला घाबरणारी शिंपीण मात्र लगेच म्हणाली, "येते. पण काकू, तुम्ही हात धरायला आहात ना?"

एक झाली. दुसरा?

फॉर्मवालीने पुढचा शेरा वाचला. "'रंगारी. कान जड, मोठ्याने बोलावे. मनाचा राजा, कधीही हाक मारा. मात्र फोनवर चुकूनही विचारू नये की' ... काकू, पुढे काहीच नाही."

"नाही कसं? मी पुरतं लिहिलं होतं!"

लिहिलं होतं खरं. पण तो चौकोन बनवणाऱ्या आधीच्या कुणीतरी त्याला शंभर अक्षरांचीच मर्यादा घातली होती. एकशे एकावं अक्षर पडद्यावर दिसे, पण सेव्ह होताना गळून पडे, आणि संगणक हूं की चूं करत नसे. संगणक आल्यापासून काकू मनापासून लिहीत राहिल्या आणि शेवटची वाक्यं हवेत विरत राहिली.

"काय विचारायचं नाही, काकू? आठवतंय का?"

काकूंनी डोळे मिटले. मोठ्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. घड्याळ चार दाखवत होतं.

"नाही आठवत गं," काकू म्हणाल्या. "बघू. तोंड सांभाळून बोलते." आणि नंबर फिरवला. पलीकडून एवढा मोठा आवाज आला की फोन कानापासून वीतभर दूर धरावा लागला. "कोण? काकू! अहो, किती दिवसांनी! बोला, बोला!"

"बरे आहात ना?" काकू ओरडल्या. "काय, बासरी काय म्हणतेय?"

आणि शब्द तोंडातून सुटताच काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. पण बाण सुटला होता. पलीकडे "थांबा हं!" असं ऐकू आलं आणि बासरी सुरू झाली. ज्याला कमी ऐकू येतं त्याने वाजवलेली बासरी कशी असेल, तशीच ती होती. मागच्या वेळी हीच बासरी काकूंनी चाळीस मिनिटं ऐकली होती, म्हणून तर शेरा! मध्ये बोलावं तर त्याला ऐकू जाईना. फोन ठेवावा तर माणूस दुखावेल. बाळंतीण तिकडे, पिशवी नाही इकडे, आणि पेढीत बासरी चाललेली. मोठ्या बाईंनी तोंडात पदराचा बोळा कोंबला. फॉर्मवालीला वाटलं, देवा, माझ्या चुकीची शिक्षा सुरावर तरी असती!

अकरा मिनिटांनी त्याने श्वास घेतला. काकूंनी ती फट साधली. "वा! पुढचं इथे येऊन ऐकवा! उद्या सकाळी! रक्त हवंय!"

"एवढंच ना? आत्ता निघतो, म्हणजे सकाळी पोचतो!"

बुधवारी सकाळी खालच्या दोन खुर्च्या भरल्या. एकीत रंगारी, नखांत निळा रंग आणि मांडीवर कापडात गुंडाळलेली बासरी. दुसरीत शिंपीण, डोळे घट्ट मिटलेले. काकू तिचा हात धरायला पुढे झाल्या आणि मध्येच थांबल्या. फॉर्मवालीकडे बघून म्हणाल्या, "तू धर. मी काही जन्मभर पुरायची नाही."

फॉर्मवालीने तो हात धरला. सुई टोचण्याने घट्टे पडलेली बोटं होती ती, आणि सुईच्याच भीतीने गार पडलेली. शिंपिणीने असा काही पंजा आवळला की फॉर्मवालीच्या अंगठीचा वळ दोन दिवस राहिला. आयुष्यात इतक्या नोंदी तिने हाताळल्या होत्या, पण एका नोंदीचा हात हातात घ्यायची तिची ही पहिलीच वेळ.

दोन्ही पिशव्या तपासल्या. दोन्ही दुर्मिळ. मोठ्या बाईंनी संध्याकाळी जिन्यावरूनच आरोळी दिली, "जुळल्या!"

फॉर्मवाली बसचालकासमोर जाऊन उभी राहिली. "भाऊ, एक सांगायचंय. पिशव्या सोमवारीच ठरायला हव्या होत्या. यादी माझ्या हातून बिघडली होती. तुम्हाला तीन दिवस मी घोर लावला."

त्याने मांडीवरचा डबा उघडला, त्यातलं अर्धं झाकणात काढून तिच्यापुढे सरकवलं. "ताई, बावीस वर्षं बस चालवतोय. माझंही वळण चुकलंय. तेव्हा मागून 'मला माहीतच होतं' म्हणून ओरडणारे पुष्कळ असतात. उतरून, मागे उभं राहून 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणत गाडी मागे घ्यायला मदत करणारा एखादाच. ज्यांनी केली त्यांना नमस्कार सांगा माझा. आणि तुम्ही जेवा आधी, तोंड बघा केवढंसं झालंय."

गुरुवारी मुलगी झाली. रक्त गेलं, बरंच गेलं. शिंपिणीची पिशवी पुरती लागली, रंगाऱ्याची अर्धी. आई शुद्धीवर आली तेव्हा तिने आधी बाळाचे पाय मोजले म्हणे, दोनच आहेत ना. ही बातमी घेऊन बसचालक पेढीत आला तेव्हा रंगारी तिथेच होता, कारण काकूंनी त्याला "पुढचं इथे येऊन ऐकवा" असं सांगितलं होतं आणि तो शब्दाचा पक्का होता. मग काय, बासरी झाली. सहा खुर्च्या, बिस्किटांचा डबा, सगळी पेढी आणि एक नवा बाप. सूर जाग्यावर नव्हते. पण त्या दिवशी कुणाचं मन तरी कुठे जाग्यावर होतं? त्या बेसूर बासरीइतकं गोड आपण काही ऐकलं नाही, असं फॉर्मवाली आजही शपथेवर सांगते.

पुढच्या आठवड्यात तिने फॉर्म पुन्हा हातात घेतला. आधी पस्तीसच्या पस्तीस नोंदी मार्गी लावल्या. ड्रॉपडाउनच्या माथ्यावर आता 'साधारण' नाही, एक रिकामी ओळ आहे. नाव सापडलं नाही, की ती रिकामी ओळ लाल होते आणि माणसाने स्वतः निवडल्याखेरीज पान सेव्ह होत नाही. खोटं बोलण्यापेक्षा 'मला ठाऊक नाही' म्हणणं बरं, एवढा साधा धडा त्या यादीने घेतला. शेऱ्याचा चौकोन परत आला, चांगला मोठा, आणि त्यात किती अक्षरं उरली ते कोपऱ्यात दिसतं. कुणाचं शेवटचं वाक्य आता गळून पडत नाही.

मग तिने बाळंतिणीच्या नावाचं नवं पान उघडलं, तीही दुर्मिळच ना. सगळं भरून झाल्यावर खालच्या चौकोनात थोडा वेळ अडखळली, कारण असं लिहायची तिला सवय नव्हती. शेवटी लिहिलं, 'नवरा बस चालवतो. डब्यातलं अर्धं देतो. नाही म्हणू नये.' आणि रंगाऱ्याच्या पानावरचं तुटलेलं वाक्य पुरं केलं, '...बासरी कशी आहे. वेळ असेल तर मात्र जरूर विचारावे.'

ती दर महिन्याला तिसऱ्या मजल्यावर जाते. काकू कुंड्यांना पाणी घालत असतात. मागच्या खेपेला तिथे एक नवी कुंडी होती, कोवळं रोप, आणि काडीवर चिठ्ठी. फॉर्मवालीने वाकून वाचली, 'पसारा खपत नाही. मनाने चांगली. हळूहळू वाढते आहे.'

तर मंडळी, आता उठा, घरी जा. तुम्हीही कधी ना कधी कुठल्यातरी खिडकीशी, कुठल्यातरी पडद्यापुढे फॉर्म भरायला बसाल. सगळ्या याद्यांतून निवडून निवडून थकाल आणि तळाशी तो रिकामा चौकोन दिसेल. बटण दाबायच्या आधी क्षणभर थांबा, आणि तेवढ्या क्षणापुरती आमच्या टिपणकाकूंची आठवण ठेवा.